बावीस टक्क्यांवरचं गाव

जयवंत तामोऱ्यांना "काय, कसे आहात?" असं विचारलं, की ते तुमच्या-आमच्यासारखं "बरा आहे" म्हणत नाहीत. शर्टाच्या खिशातून फोन काढतात, हातभर लांब धरतात, एक डोळा बारीक करतात आणि सांगतात, "चौऱ्याहत्तर."

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, वजन सांगतायत. माझं स्वतःचं वजन नव्वदीच्या पुढे असल्यामुळे मला तो टोमणा वाटला आणि मी दोन दिवस त्यांच्याशी बोललो नाही. मग एका सकाळी तेच गेटवर भेटले आणि आपण होऊन म्हणाले, "आज एक्याण्णव हाय, गायकवाड. एकदम मजेत." दोन दिवसांत माणूस इतका फुगत नाही, एवढं मलाही कळतं. ते फोनच्या बॅटरीबद्दल बोलत होते.

आम्ही दोघंही बोईसरला एमआयडीसीतल्या एका रसायनाच्या कारखान्यात आहोत. मी स्टोअरमध्ये, ते बॉयलरवर. मी मूळचा नगरकडचा, नोकरीसाठी इकडे आलो आणि बोईसरचाच झालो. तामोरे चिंचणीचे, समुद्राकाठच्या मच्छीमार घरातले. पण स्वतः कधी होडीवर गेले नाहीत. आयटीआय केलं आणि बॉयलरला चिकटले, ते आता रिटायरमेंट आली तरी तिथेच. वाफेचा दाब किती, पाण्याची पातळी किती, हे बघत राहण्याची नोकरी. काट्यावरून नजर हलवायची नाही ही सवय अंगात इतकी मुरलेली, की घरी गॅसवर कुकर ठेवला तरी हे त्याच्यासमोर हात बांधून उभे राहतात, असं त्यांच्या मिसेस सांगतात.

मध्यंतरी आमच्या कंपनीची बस बंद झाली. शेअर रिक्षात दुमडून बसायला तामोऱ्यांचे गुडघे तयार होईनात. तेव्हा पालघरला नोकरी करणाऱ्या त्यांच्या मुलीनं त्यांना इलेक्ट्रिक सायकल घेऊन दिली आणि फोनवर सायकलवाल्यांचं एक ॲपही टाकून दिलं. निघताना ते ॲप सुरू करायचं. मग नकाशावर तुमचा एक ठिपका पळायला लागतो आणि त्याच्या मागे केशरी रेघ उमटत जाते. तुम्ही परवानगी दिलीत तर तोच ठिपका घरच्यांनाही त्यांच्या फोनवर दिसतो.

सोय उत्तम आहे. फक्त हे ॲप बॅटरी पितं. घटाघटा पितं. सायकलची बॅटरी बिचारी चिंचणी ते बोईसर आणि परत आरामात पुरते, तिच्याबद्दल तामोऱ्यांची काही तक्रार नाही. धाप लागते ती फोनला. त्यात तामोरे तो हँडलवर अडकवणार, उन्हात दिसावं म्हणून उजेड पूर्ण वाढवणार आणि दर दोन मिनिटांनी किती उरली ते बघणार. बघण्यानंच निम्मी जाते, हे मी त्यांना अनेकदा सांगितलं. ते म्हणतात, "बघितली नाय तर कळणार कशी?" याला काय उत्तर आहे?

अंतर किलोमीटरमध्ये मोजायचं असतं हे तामोरे विसरूनच गेले आहेत. बोईसरपासून चिंचणी किती लांब, असं त्यांना कोणीही विचारावं. "बावीस टक्के." ऊन असेल तर पंचवीस. वारा समोरून असेल तर आणखी एखाद-दुसरा. आमच्याकडे पुण्याहून एक नवे साहेब आले. त्यांना रविवारी सहकुटुंब समुद्रावर जायचं होतं, म्हणून त्यांनी कौतुकानं चिंचणीच्या माणसाला रस्ता विचारला. तामोऱ्यांनी रस्ता नीट सांगितला आणि शेवटी म्हणाले, "सकाळी लवकर निघा साहेब, एकोणीसमधी पोचाल." साहेबांनी नंतर मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "बॉयलरवर यांच्याबरोबर अजून कोणी असतं ना?"

बॅटरी वाचवण्याचे त्यांचे उपायही बघण्यासारखे आहेत. फोनचं कव्हर काढून टाकलंय, कारण त्यानं फोनला उकडतं. उन्हाळ्यात हँडलवरच्या फोनवर ओला रुमाल घालतात आणि तो वाळला की थांबून पुन्हा भिजवतात. वाटेत कोणाचा फोन आलेला त्यांना खपत नाही. एकदा मी असाच सहज केला. तिकडून नमस्कार नाही, चमत्कार नाही, थेट ओरडले, "खाल्ला! एक टक्का खाल्ला तुमी गायकवाड!" आणि बंद केला. पॉवर बँक का नाही वापरत, असा प्रश्न तुम्हाला पडला असेल. मलाही पडला होता. पण चिंचणीची खारी हवा लोखंडाला सोडत नाही, ती फोनच्या भोकाला काय सोडणार? आत हिरवट गंज चढलाय. वायर एका ठरावीक कोनात तिरपी धरली तरच चार्जिंग होतं आणि आपल्या रस्त्यांवर सायकलच सरळ राहत नाही, तिथे वायर तिरपी कुठून राहणार? नवा फोन दिवाळीला घेणार आहेत. कुठल्या दिवाळीला, ते सांगत नाहीत.

कारखान्यात आत फोन न्यायला बंदी आहे. सगळे फोन गेटवरच्या केबिनमध्ये जमा करायचे. आमचे फोन टोपलीत पडतात. तामोऱ्यांचा फोन तिथल्या एकुलत्या एका सॉकेटला लागतो. त्यासाठी त्यांनी पांडेजी नावाच्या वॉचमनला चिंचणीचे सुके बोंबील खायला घालून फितवलंय. रोज सकाळी तोच संवाद. "पांडेजी, ऐसा टेढा रखने का. सीधा किया तो निकल जाता हय."

"मालूम है चाचा, बच्चे की तरह संभालता हूँ."

"बच्चा गिरा तो रोता तरी हय. ये चुपचाप बंद पडता."

आता तुम्ही म्हणाल, एवढी काय नड आहे? फोन बंद पडला तर पडला. घरी जाऊन चार्ज करावा. सुरुवातीला मीही हेच म्हणायचो. ॲपमध्ये चांगली सायकल चालवणाऱ्यांना बक्षिसाचे बिल्ले मिळतात, त्यांच्या नादी हा माणूस लागलाय, असं मला वाटायचं. मग ती होडीची भानगड झाली आणि कारण सगळ्या बोईसरला समजलं.

तामोऱ्यांची आई आहे. ऐंशीच्या घरातली, काटक, डोळे शाबूत. पूर्वी त्या डोक्यावर टोपली घेऊन मासळी विकायच्या. आता पाय साथ देत नाहीत म्हणून ओट्यावर बसून असतात. लिहिता-वाचता येत नाही. पण नातीनं आपला जुना फोन त्यांना दिला, ठिपका कसा बघायचा ते दाखवलं आणि म्हातारी त्यात तरबेज झाली. घरातला पुरुष बाहेर गेला की तो परत येताना दिसेपर्यंत तोंडात घास घालायचा नाही, ही त्यांची आयुष्यभराची रीत. पूर्वी किनाऱ्यावर जाऊन शीड ओळखायच्या, आता ओट्यावर बसून ठिपका बघतात. पहिल्या पाळीहून मुलगा तीन वाजता सुटतो, तोपर्यंत त्या चहावर असतात. त्यांना शुगर आहे. डॉक्टर रागावले, सून रडली, काही उपयोग झाला नाही.

एक दिवस तामोऱ्यांचा फोन तारापूर आणि चिंचणीच्या मधल्या खाडीच्या पुलावर बंद पडला. त्यांना पत्ताच नाही. ते आपले पूल उतरून गावात शिरले आणि दाढी वाढलीय म्हणून न्हाव्याच्या खुर्चीत जाऊन बसले. इकडे म्हातारीच्या फोनवर ठिपका थांबला तो थांबलाच. आणि थांबला कुठे? पुलावर नाही, पुलाच्या जरा बाजूला, निळ्या रंगात. नकाशात एवढी चूक चालतेच म्हणतात. पण म्हातारीनं जन्मभर पाणी पाहिलेलं. निळ्यात थांबलेला ठिपका म्हणजे काय, हे तिला कोणी समजावून सांगायला नको होतं.

त्यांनी ओट्यावरून जी हाक मारली ती अर्ध्या आळीनं ऐकली. ओहोटीची वेळ, खाडीत नुसता चिखल. तरी माणसांनी दोन होड्या ढकलत ढकलत चिखलातून पाण्यात घातल्या. दोघं पुलावरून गळ टाकून सायकल लागते का बघायला लागले. आणि इकडे खुर्चीत डोळे मिटून बसलेल्या तामोऱ्यांचा एक गाल झाला असताना न्हाव्याचा फोन वाजला. न्हाव्यानं ऐकलं, वस्तरा खाली ठेवला आणि म्हणाला, "जयवंतशेट, तुमी बुडालात म्हनतात."

तसेच पळाले. खांद्यावर टॉवेल, उजव्या गालावर साबण. खाडीवर सगळं गाव जमलेलं. दोन माणसांनी धरून आणलेली म्हातारी काठावर उभी. तिनं मुलाला नखशिखांत पाहिलं आणि ज्या गालावर साबण नव्हता त्या गालावर एक सणसणीत ठेवून दिली. मग तिथेच चिखलात खाली बसली.

दुसऱ्या दिवशी तामोरे एका गालानं गुळगुळीत आणि एका गालानं खुंट वाढलेले असे कामावर आले. उरलेली दाढी करायला परत त्या खुर्चीत बसायचं धाडस झालं नाही म्हणाले. आम्ही सगळे पोट धरून हसलो. पांडेजींनी तर "नया जनम मुबारक" म्हणून पेढा मागितला. तामोरेही हसले. पण टक्क्यांचं खूळ हाताबाहेर गेलं ते त्या दिवसापासून.

मला एका जागी बसवत नाही, हा माझा जुना रोग. त्यात डॉक्टरांनी वजनावरून झापलं, म्हणून मीही एक इलेक्ट्रिक सायकल घेतली. ते कळल्यावर तामोरे मागेच लागले. "एक दिस माज्याबरोबर चला घरी. ताजे बोंबील खाऊ घालतो. आय पण कवाची म्हनते, तुजा तो जाडा दोस्त दाखव." एवढ्या आपुलकीनं बोलावल्यावर मी एका शनिवारी पहिली पाळी संपवून निघालो.

गेटवर येतो तर केबिनमध्ये पांडेजी मान खाली घालून उभे. "चाचा, बत्ती गुल थी. पूरी दोपहर."

फोन एकतीसवर होता. तामोऱ्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही बॉयलरचं पाणीच आटलंय. मी म्हटलं, "अहो, बावीसचं गाव ना? नऊ उरतात."

"उन हाय," ते म्हणाले. "आणि वारा कुठून हाय ते बघा."

वारा समुद्राकडून होता, म्हणजे समोरून. निघालो. पास्थळच्या अलीकडे पाइप टाकायला रस्ता खणलेला आणि टँकरची ही रांग. आम्ही मध्ये सापडलो. पुढे जाता येईना, मागे फिरता येईना. तामोरे एक पाय जमिनीवर टेकून फोनकडे बघत उभे. चोवीस. टँकरच्या ड्रायव्हरला हात करून "अरे भाई, थोडा आगे लो ना" असं विनवून झालं. बावीस. ओला रुमाल वाळला. मी माझ्या बाटलीतलं प्यायचं पाणी त्याच्यावर ओतलं. घसा कोरडा पडला होता, पण त्यांचा चेहरा बघून पाणी मागायची मलाच लाज वाटली.

वाट मिळाल्यावर त्यांनी अशी सायकल हाणली, की माझी मोटर पूर्ण चालू असूनही मला त्यांना गाठता येईना. मध्येच कचकन थांबत, फोन बघत, पुन्हा सुटत. मी काही बोलायला लागलो की हात वर करत. जणू माझ्या बोलण्यानंही बॅटरी उतरत होती. त्या माणसाच्या जिवाची तगमग हळूहळू माझ्याही अंगात शिरली. मीच विचारायला लागलो, "किती?" "चौदा." पुन्हा थोड्या वेळानं, "किती?" "अकरा. गप ऱ्हावा."

तारापूरच्या अलीकडे नऊ राहिले तेव्हा मला राहवलं नाही. मी सायकल आडवी घातली आणि म्हणालो, "तामोरे, हा वेडेपणा पुरे. माझा फोन घ्या. साठ टक्के आहे. घरी फोन लावा, वहिनींना सांगा, येतोय, फोन बंद पडणार आहे, काळजी करू नका. संपला विषय!"

ते माझ्या फोनकडे बघत राहिले. घेतला नाही.

"सांगून चालत नाय तिला," म्हणाले.

"म्हणजे?"

"माजा बाप होडीवर गेला होता. मी शाळेत होतो तवा. वादळ सुटलं. बाकीच्या होड्या आल्या, आमची नाय आली. आय किनाऱ्यावर उभी. जो येई तो तिला सांगे, मागून येतायत, आमी बघितलंय, मागून येतायत. तिला बरं वाटावं म्हणून सांगत होते, वाईट कोण नव्हता. तिनं घरी जाऊन भात टाकला त्याच्यासाठी." त्यांनी फोनवरचा रुमाल सरळ केला. "तवापासून सांगितलेलं ती ऐकत नाय. तिला दिसावं लागतं."

मी सायकल बाजूला घेतली. आम्ही त्या अर्ध्या दाढीवर किती हसलो होतो, ते आठवलं आणि मला कसंसंच झालं.

"पूल ओलांडला पायजे," ते पायडलवर पाय ठेवत म्हणाले. "जमिनीवर बंद पडला तरी चालंल. पाण्यावर नको."

मग आम्ही पुलासाठी सायकली हाणल्या. मी पुढे, कारण माझ्या आकाराच्या माणसाच्या मागे वारा लागत नाही, हे त्यांनीच सुचवलं आणि मला त्याचा रागही आला नाही. तारापूरच्या गल्लीत एक बैल आडवा बसलेला, त्याला वळसा. पाच. एक वरात समोरून, बँजोवाले जागचे हलेनात. मी जन्मात कधी वरातीवर ओरडलो नव्हतो, त्या दिवशी ओरडलो. तीन. पुलाचा चढ लागला. खाली भरतीचं पाणी वर आलेलं, दोन्ही बाजूंना निळंच निळं. मी मागे न बघता विचारलं, "आहे?"

"हाय!"

मध्यावर आलो. "आहे?"

"हाय, एक हाय!"

उतारावर त्यांनी मला मागे टाकलं. पूल संपला, पहिली घरं लागली, बाजार लागला. आणि एका दुकानासमोर ते पाय टेकून उभे राहिले. फोन काळा पडला होता. घामानं शर्ट अंगाला चिकटलेला, पण चेहऱ्यावर बॉयलरचा काटा जागेवर आल्याचं समाधान. "जमिनीवर," ते म्हणाले. मग वर बघितलं. आम्ही न्हाव्याच्या दुकानासमोर उभे होतो.

घर बाजारापासून जवळच होतं. अंगणात बांबूवर बोंबील वाळत घातलेले. ओट्यावर म्हातारी बसलेली, हातात फोन. नकाशा सरळ की उलटा याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. त्यांनी फोन असा फिरवून धरला होता, की त्यातला निळा रंग खऱ्या समुद्राच्या बाजूला यावा. आम्ही समोर येऊन उभे राहिलो तरी त्यांनी आधी फोनकडे पाहिलं, मग मुलाकडे.

"परत त्या न्हाव्याकडं बसलास?" म्हणाल्या. "नीट कर म्हनावं आता तरी, दोनी बाजूंनी."

तामोरे आत गेले, हातपाय धुतले आणि आईसमोर ताट घेऊन बसले. म्हातारीनं पहिला घास घेतला तेव्हा वहिनींनी दारामागे हळूच श्वास सोडला, तो मला ऐकू आला. मीही तसाच सोडला. मग मी बोंबिलांवर जो हात मारला, त्याबद्दल डॉक्टरांना काही कळू नये अशी माझी इच्छा आहे.

म्हातारीला माझं खाणं आवडलं. तिनं माझी सगळी चौकशी केली. मूळ गाव कुठलं, तिकडे समुद्र आहे का, नाही तर मग लोक खातात काय. "तुजी आय हाय?"

"नाही मावशी. जाऊन बरीच वर्षं झाली."

त्यांनी मान डोलावली. उन्हं उतरली तसा मी निघायला उठलो. चपला घालतोय तोच त्या म्हणाल्या, "जयवंत, याचा ठिपका कुठं हाय?"

"त्याचा नाय आय. तो माजाच हाय फक्त."

"मंग हा एकटा पुलावरून जानार, तो पोचला ते मला कसं दिसनार?"

मी हसून म्हटलं, "मावशी, मी घरी गेलो की लगेच फोन करून सांगेन तुम्हाला."

बोलून गेलो आणि जीभ चावली. तामोऱ्यांनी माझ्या हातातून माझा फोन घेतला, ते ॲप टाकलं, काय काय दाबलं आणि पालघरच्या मुलीला फोनवर विचारून विचारून माझा ठिपका आईच्या फोनवर आणून ठेवला. त्यात माझे पुष्कळ टक्के गेले. आधी बोंबिलांचे आणि समुद्राचे व्हिडिओ काढून मीही उधळले होतेच. म्हातारीनं दोन ठिपके एका जागी पाहिले, फोन समुद्राकडे फिरवून घेतला आणि ओट्यावर पाय पसरून बसली. सून म्हणाली, "आई, आत चला, रातचं जेवून घ्या लवकर."

"हा पोचू दे," म्हातारी म्हणाली.

मी पूल ओलांडला तेव्हा फोनवर पंचेचाळीस होते. तारापूरच्या बाहेर मी थांबून उजेड कमी केला. थोडं पुढे जाऊन पुन्हा थांबलो, किती उरली ते बघायला. चिंचणीत एक बाई माझ्यासाठी न जेवता बसली आहे, हे काही केल्या डोक्यातून जाईना. आई गेल्यापासून माझी अशी वाट कोणी पाहिली नव्हती. आणि मला ते इतकं बरं वाटत होतं, की रस्त्यावरच डोळे भरून आले. खिशातून रुमाल काढला आणि डोळ्यांऐवजी फोनवर घातला. तो कोरडाच होता, पण ठेवला.

पास्थळपाशी बायकोचा फोन आला. मी कापला. पुन्हा आला, पुन्हा कापला. मनातल्या मनात म्हटलं, खाल्ला, एक टक्का खाल्ला.

बोईसरला घरापाशी पोचलो तेव्हा दिवे लागले होते. बायको दारातच उभी. "फोन कापता काय? कुठे होता इतका वेळ? घामाघूम झालात! कसे आहात? बरं वाटतंय ना?"

मी तिला उत्तर न देता आधी उंबरा ओलांडून चार पावलं आत गेलो. फोन हातभर लांब धरला, एक डोळा बारीक केला आणि ठिपका नीट घरात आलाय ना ते पाहिलं.

मग म्हणालो, "अकरा."